मातृमुखी

कुरवंड्याच्या बौद्धवस्तीत प्रज्ञेश जन्मला, तेव्हा बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून एकच बोलून गेल्या. "मातृमुखी हाय गं हिरा. मातृमुखी सदा सुखी."

हिराला वाटलं, तान्हं लेकरू काय, कुणासारखंही दिसतं. पण पोरगा वाढत गेला आणि बायकांचं बोलणं खरं होत गेलं. तेच रुंद कपाळ, नाकाकडे येता येता जुळू पाहणाऱ्या भुवया, उजव्याहून जरासा बारीक डावा डोळा. आईचं तोंड उचलून पोराच्या धडावर ठेवावं तसं. खंडाळ्याच्या ज्या बंगल्यात हिरा स्वयंपाकाला जायची, तिथल्या मालकीणबाई एकदा त्याला फाटकापाशी बघून म्हणाल्या होत्या, "हिरा, मला वाटलं तूच शर्ट-पँट घालून आलीस की काय!" हिराने ते सगळ्या वस्तीला सांगितलं. शेजारच्या कस्तुराबाईंना तर दर पाहुण्यासमोर पुन्हा ऐकवलं.

धाकटी रेणुका बापावर गेली होती. बाप, गोरख, घाटात रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होता. रेणुका पहिलीत असताना तो काविळीने गेला. त्यानंतर हिराने दुसऱ्याच्या घरची फोडणी देत आपली दोन पोरं मोठी केली. प्रज्ञेश डिप्लोमा करून आंबीच्या एका कारखान्यात लागला. मशीनवर सुटे भाग कापायच्या आधी त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची, हे त्याचं काम. साहेब खूश होते. घरीही थोडं काम करता यावं म्हणून दिवाळीच्या आधी त्याने लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि आईला बरोबर घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेला.

दुकानात धम्मदीप होता. वस्तीतलाच, प्रज्ञेशच्या बरोबरीचा. लॅपटॉप विकायचा आणि मागे बसून दुरुस्तही करायचा.

"हा बघा मावशी, बारावीचा," त्याने एक पुढे केला. "स्वस्तात पडंल."

"बारावीचा? मग रेणुकालाच घ्या की. तीबी बारावीलाच हाय."

दुकान हसलं. धम्मदीपने समजावलं की लॅपटॉपच्या आत हिशेब करणारा मेंदू असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात, आणि हा बाराव्या पिढीचा मेंदू. बाजारात त्याला सरळ बारावीचा म्हणतात. "पण आता कंपनीनं पिढ्या मोजणंच सोडलंय. आता नवी नावं आलीत. हा 'नोव्हा सात'. आन् हा 'नोव्हा प्लस सात'."

प्लसला वीस हजार जास्त होते. हिराने दोन्ही पालथे करून पाहिले, दुधी भोपळा पारखावा तसे बोटाने ठोकून पाहिले. रंगसुद्धा एकच.

"ह्यात वीस हजाराचं काय हाय?"

धम्मदीपने मालकाकडे बघून आवाज खाली आणला. "खरं सांगू? मेंदू गेल्या सालचाच. वरचं नाव बदललंय. प्लसमध्ये एक कप्पा तेवढा ज्यादा हाय. माणूस जवळ आलं की आपोआप जागा व्हतो, आन् तोंड बघून उघडतो. त्या कप्प्यात ठेवलेलं कुणालाच बाहेर काढता येत न्हाई म्हणं. मला विचाराल तर नुसते नावाचे पैसे."

"नावाला नावं ठेवू नको," प्रज्ञेश म्हणाला. "छप्पन्न साली आपल्या आज्यांनी दीक्षा घेतली, तवा गाव काय म्हणत हुतं? आतला माल तोच, वरचं नाव बदललं. आता तूबी तेच म्हणाया लागला व्हय?"

धम्मदीपने कान धरले. "जयभीम, बाबा. प्लस घे."

प्लस घरी आला. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली खिडकीशी जुनं टेबल होतं, त्यावर बसला. आईलाही वाचता यावं म्हणून प्रज्ञेशने त्याची भाषा मराठी करून टाकली. लाइटबिल भरायचं कसं ते दाखवताना म्हणायचा, "बघ, तुझ्या विहारातल्या ग्रंथापेक्षा सोपं हाय." तोंड बघून उघडायचं एखाद्या वेळी जमलं नाही तर टाकायला एक पिनही त्याने ठेवला. एक चार एक शून्य पाच सहा. चौदा ऑक्टोबर छप्पन्न, धम्मदीक्षेचा दिवस. तो कुणाला सांगावा लागत नसे. अर्ध्या वस्तीचे फोन त्याच आकड्यांनी उघडत, बचतगटाच्या अध्यक्षबाईंचा फोन त्यानेच उघडे, विहारातल्या दानपेटीचं आकड्यांचं कुलूपही त्यानेच. "चोरानं आधी इतिहास वाचून यावं," असं धम्मदीप म्हणायचा.

माघात, आंबीहून दुसरी पाळी करून येताना, जुन्या हायवेवर एका कंटेनरने प्रज्ञेशला उडवलं. दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. तोंडावर कापड होतं, ते पोलिसांनी हिराला काढू दिलं नाही. मातृमुखी सदा सुखी, ही म्हण त्या दिवसापासून वस्तीत कुणी उच्चारली नाही.

जलदानविधी झाला, पाहुणे पांगले. हिरा घर झाडायला लागली. टेबलाजवळ आली आणि लॅपटॉपचा काळा पडदा आपसूक उजळला. वरच्या कडेला एक बारीक लाल ठिपका पेटला. खाली मराठीत अक्षरं आली.

'तुम्हाला शोधत आहे…'

हिराच्या हातून झाडू गळाला.

भुताखेताचं तिच्या घरात कुणी नाव काढत नसे. पावसाळ्यात वर्षावासाला विहारात ग्रंथ वाचायला बसायची ती हिराच. आत्मा नसतो, मेलेलं माणूस कुठं भटकत नसतं, हे तिने स्वतः मोठ्याने वाचून बायकांना सांगितलेलं. त्यामुळे आता हे सांगायचं तरी कुणाला? ती तशीच उभी राहिली. ठिपका लुकलुकत होता, पडदा तिच्या तोंडाकडे टक लावून होता. मग अक्षरं बदलली. 'ओळख पटली नाही. पिन टाका.'

तिने वाकून, एका बोटाने, छप्पन्न सालची तारीख टाकली. पडदा उघडला. मागे नागफणीच्या सुळक्याचा फोटो होता, प्रज्ञेशने काढलेला. हिरा त्याकडे बघत राहिली. ती दोन पावलं मागे सरली तशी पडदा काळा झाला. पुढे आली तशी पुन्हा पेटला. तुम्हाला शोधत आहे.

"हितंच हाय रं," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

तेव्हापासून बंगल्यावरून परत आली की ती आधी टेबलापाशी जायची. पायपुसण्यावर पाय पुसायचे, पदराने तोंड टिपायचं, समोर उभं राहायचं. मशीन शोधायचं, ओळख पटायची नाही, ती पिन टाकायची. एवढंच. आतलं काही उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. फक्त कुणीतरी आपल्याला शोधतंय, हे बघायचं. प्रज्ञेशने तिला जन्मात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, तेवढं एक खटकायचं. मग तिने मनाशी ठरवून टाकलं की दूर गेलेली माणसं जरा मानानेच बोलत असतील. असं ठरवलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

चैत्र गेला, वैशाख लागला. बुद्धपौर्णिमेच्या नंतर एका दुपारी ती अशीच उभी राहिली. लाल ठिपका पेटला, आणि पिन मागायच्या ऐवजी पडद्यावर आलं:

'नमस्कार, प्रज्ञेश.'

आणि पडदा उघडला.

हिरा मटकन खुर्चीत बसली. मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. अंगणात कस्तुराबाईंची कोंबडी पायाने माती उकरत होती. हिराने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मशीनने तिच्याच तोंडाकडे बघून हाक मारली होती. म्हणजे तिच्या तोंडात त्याला तो दिसला होता.

हे मात्र ती कुणालाही सांगणार नव्हती.

पुढे पुढे तिला मशीनच्या खोडी कळत गेल्या. चष्मा असला की ओळखायचं नाही, म्हणून ती चष्मा काढायची. केस पाणी लावून मागे चापून बांधायची, कपाळ मोकळं राहील असे. खिडकीतून उजेड एका बाजूने आला की अडायचं, म्हणून खिडकीचा पडदा ओढायची. आणि डोळे भरले, ओठ थरथरला, की हमखास नापास. ओळख पटली नाही. कामावर निघताना प्रज्ञेशचं तोंड जसं असायचं, कोरं, झोप नुकती उडालेलं, तसं तोंड करावं लागायचं. मग ती रडायचं थांबली. आधी टेबलापुरतं थांबली, मग सवयीने सगळीकडेच. बंगल्यात कांदा चिरतानासुद्धा तिच्या डोळ्यांना पाणी येईनासं झालं.

"दगूड झालीस गं तू," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या मराठ्यांच्या, वस्तीच्या कडेला घर, पण हिराच्या दोन्ही बाळंतपणांना त्याच उभ्या राहिलेल्या. "पोर गेलं आन् बाईच्या डोळ्यात टिपूस न्हाई. कुणी काय केलंय का तुला? तुमच्यात मानत न्हाईत, ठाव हाय मला. पर एक लिंबू उतरवला तर काय तुमचा धरम बुडतोय व्हय?"

"मला काय झालं न्हाई, मावशी."

"मंग अशी बाप्यावानी केसं कशापायी बांधतीस?"

हिराने केसांवरून हात फिरवला.

रेणुकाने हे सगळं पाहिलं होतं. तिला बारावीनंतर तळेगावच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. घरात असला चांगला लॅपटॉप असताना ती मैत्रिणीच्या मशीनवर कामं उरकायची, कारण आपलं टेबल आईने अडवलं आहे हे तिला कळत होतं. ती एकटी टेबलासमोर गेली की मशीन तिला शोधायचं आणि नाकारायचं. बापाचं तोंड. भादव्यात पहिल्या सत्राचा प्रोजेक्ट जवळ आला. मोबाइलवर तो होणारा नव्हता. तिने आईला न विचारता धम्मदीपला बोलावलं. लॅपटॉपला काहीतरी सुरक्षेचं अपडेट आलंय आणि ते घेतल्याशिवाय कॉलेजचं सॉफ्टवेअर चढत नाही, असं तिने त्याला फोनवर सांगितलं.

रविवार होता. धुकं दारात येऊन थांबलं होतं, अंगणापलीकडचं काही दिसत नव्हतं. धम्मदीप छत्री झटकत आला. "जयभीम मावशी." प्रज्ञेश गेल्यापासून तो या घरात फार वेळ टेकत नसे. टेबलाकडे बघून त्याने खुर्ची ओढली.

"पिन तोच ना?"

"पिन कशाला?" हिरा म्हणाली. तिने चष्मा काढला, केस मागे सारले आणि तोंड कोरं केलं. रेणुकाने मान फिरवली.

'नमस्कार, प्रज्ञेश.'

धम्मदीप खुर्चीतून उठून उभा राहिला. "मावशी, हे तुमाला कसं काय उघडतंय?"

"मातृमुखी नव्हता का," हिरा म्हणाली. इतक्या महिन्यांत तो शब्द पहिल्यांदाच त्या घरात उमटला. तिच्या आवाजात कुठेतरी अभिमान होता. "त्याला माझ्यात माझं लेकरू दिसतं."

धम्मदीपने पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "कधीपासनं?"

"बुद्धपौर्णिमेपासनं."

"आन् त्याच्या आधी? आधी उघडत नव्हतं ना? मग काय करायच्या?"

"पिन टाकायचे."

"रोज?"

"रोज."

धम्मदीप खाली बसला. त्याने खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला. रेणुका म्हणाली, "दादा, काय ते सांग ना सरळ."

"कंपनीनं पत्रक काढलंय," तो रेणुकाकडे बघून बोलायला लागला, जणू हिरा तिथे नाहीच. "ह्या प्लसच्या कप्प्यात खोट हाय. तोंड पूर्ण जुळलं पाहिजे, पर हे जवळपास जुळलं तरी भुलतं. भावाचं भावाला उघडतं. एकाच्या तर बँकेपतोर गेलं प्रकरण. म्हणून नवं अपडेट. ते घेतलं की आधीची साठवलेली तोंडं टाकून द्यायची, नवी घ्यायची. जुन्या तोंडांवर आता भरवसा न्हाई."

"भरवसा का न्हाई?" हिराने विचारलं. "त्याचंच तोंड हाय ते. त्यानं माझ्यासमोर बसून दिलं हुतं."

"मावशी…" धम्मदीपने पडद्याकडे बोट दाखवलं. "मशीनला वाटतं, माणसाचं तोंड बदलत जातं. दाढी वाढती, माणूस सुकतं. म्हणून काय करतं, तोंड जवळपास जुळलं आन् मागोमाग बरोबर पिन आला, तर ते धरून चालतं की हा मालकच. मग आत्ताचं तोंड जुन्यात मिसळून घेतं. जरासंच. दर वेळी जरासं."

हिरा ऐकत होती.

"वस्तीतल्या सगळ्यांना पिन ठाव. तो दुसरा काही असता तर तुमाला टाकताच आला नसता. तुमी रोज उभ्या राहिलात, रोज पिन टाकला. ते शिकत गेलं."

"काय शिकत गेलं?"

"तुमाला."

बाहेर कोंबडी फडफडली. हिराने टेबलाची कड धरली. "म्हंजी आत्ता आत कोण हाय?"

"सांगता येत न्हाई. असंल थोडा तो. बाकी तुमीच."

"मी रोज त्याला बघाया जात हुते," हिरा हळू म्हणाली. "आन् रोज त्याला पुसत हुते?"

धम्मदीपने पडदा मिटायला हात पुढे केला, पण हिराने त्याचं मनगट धरलं. "जेवढा उरलाय तेवढा मला काढून दे. फोटू काढतात तसा."

"आत फोटू नसतो मावशी. नुसते आकडे असतात. आन् ते बाहेर काढताच येत न्हाईत. म्हणून तर वीस हजार जास्त घेतले कंपनीनं. ती वस्तूच तशी हाय." मग तो म्हणाला, "एक करता येईल. अपडेट घ्यायचं न्हाई. नेट तोडायचं. आन् तुमी त्याच्यासमोर जायचं न्हाई, पिन टाकायचा न्हाई. मग जेवढं हाय तेवढं ऱ्हाईल."

"बंद करायचं?"

"बंद करून कपाटात ठेवलं तरी चालंल."

"बंद नको," हिरा म्हणाली. "तो शोधतोय."

रेणुका म्हणाली, "राहू दे दादा. मी मैत्रिणीकडं करते प्रोजेक्ट." धम्मदीप छत्री उचलून निघाला. धुक्यात त्याचं जाणं दिसलंही नाही.

मग त्या घरात चमत्कारिक दिवस सुरू झाले. हिरा टेबलाच्या वाटेने जाईनाशी झाली. स्वयंपाकघरात जायचं तर समोरच्या भिंतीला पाठ घासत, अंग चोरून जायची, तरी एखादे वेळी पाऊल चुकायचं, पडदा उजळायचा आणि तो लाल ठिपका खोलीभर तिला धुंडाळायचा. ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. चोराने घ्यावा तसा. तुम्हाला शोधत आहे, तुम्हाला शोधत आहे. पूर्वी त्या अक्षरांनी जीव निवायचा. आता तीच अक्षरं दिसली की वाटायचं, आपण दिसलो तर आणखी थोडा जाईल तो. तिने पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला. तरी जवळून कुणी गेलं की तो जागा व्हायचाच, मग उजेड भिंतीवर पडायचा, आणि खिडकीतून आत आलेल्या धुक्यात तो पांढरा पट्टा हलायचा, कुणी खोलीत उभं असावं तसा.

त्याहून वाईट दुसरंच होतं. डोळे मिटून ती प्रज्ञेशला आठवायला जायची आणि समोर स्वतःचंच तोंड यायचं. चष्मा नसलेलं, केस मागे चापलेलं, कोरं. तो हसायचा कसा? ती आठवायला बघायची, तर आरशातली हिरा हसायला बघायची आणि हसू ओठांशीच अडायचं. भिंतीवर त्याचा फोटो होता, मोबाइलमध्येही होते, पण फोटोकडेही ती संशयाने बघू लागली. हा तो की मी? बंगल्यात भाजीला मीठ दोनदा पडलं. मालकीणबाईंनी फक्त ताट सरकवलं.

भंते मागे एकदा विहारात म्हणाले होते, दिवा विझला तर ज्योत कुठल्या दिशेला गेली असं विचारू नये. तेव्हा हिराला ते लगेच पटलं होतं. तिने मान डोलावली होती, सगळ्या बायकांच्या आधी. आता भिंतीवरच्या उजेडाकडे बघत तिला वाटायचं, विझलेल्या दिव्याचं सोपं असतं. जळणारा दिवा आपल्याच पदराने विझतोय असं दिसलं, तर कुणाला विचारायचं?

गुरुवारी ती बंगल्यावरून लवकर सुटली. दार लोटलेलं होतं. आत रेणुका होती. कॉलेजची बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरून ती भिंतीला पाठ लावून सरकत होती, एक एक पाऊल, टाचा उचलून. टेबलाकडे नजर. श्वास धरलेला. कशाची चाहूल लागू नये म्हणून जनावराच्या बाजूने सरकतात तशी. ती मधल्या दारापर्यंत पोचली, श्वास सोडला, आणि मग आईला पाहून दचकली.

"तू कवापासनं अशी जातीस?" हिराने विचारलं.

"कशी?"

"अशी."

"तू जातेस तशीच जाते." रेणुकाने बॅग खाली ठेवली. "म्हटलं, माझ्यामुळं तो जागा झाला आणि तू आलीस, तुझं तोंड दिसलं, तर आणखी काही पुसलं जायला नको."

हिरा उंबऱ्यातच उभी राहिली. ही पोरगी बापाच्या वळणाची. ह्या मशीनने तिला एकदाही नावाने हाक मारलेली नव्हती. स्वतःच्या घरात, वयाच्या अठराव्या वर्षी, ती पाल सरकावी तशी सरकत होती. आणि तिने ते कुणाकडून उचललं होतं?

"तुझा तो प्रोजेक कवा द्यायचा हाय?"

"सोमवारी. पण होईल गं माझा, मैत्रिणीचा—"

"धम्मदीपला फोन लाव."

तो संध्याकाळच्या आत आला. ह्या वेळी हिराने स्वतः खुर्ची मांडली, मशीन भिंतीकडून सरळ फिरवलं आणि बाजूला उभी राहिली. अपडेट चढायला वेळ लागला. रेणुकाने चहा केला, कुणी तो प्यायला नाही. मग पडद्यावर प्रश्न आला. 'साठवलेला चेहरा कायमचा काढून टाकायचा आहे का?' खाली दोन चौकोन. हो. नाही.

धम्मदीपचं बोट वरच्या वर राहिलं. "मावशी, एकदा केलं की—"

"पुसलं म्हंजी कुटं जातं रं ते?"

"कुटंच न्हाई, मावशी."

"सरक."

त्याने जागा दिली. हिरा वाकली. चष्मा तिने काढला नव्हता, केस मोकळे सुटून कानावर आले होते. मशीनने तिला पाहिलं असेल किंवा नसेल. तिने 'हो' वर बोट ठेवलं आणि ते जरा जास्त वेळच दाबून धरलं, दाराची कडी नीट बसली का हे बघावं तसं.

"बस," ती रेणुकाला म्हणाली.

रेणुका बसली. पडद्यावर एक गोल आला. 'डोके हळूहळू एका बाजूला वळवा.' रेणुकाने वळवलं. दिव्याचा उजेड तिच्या गालाच्या हाडावर पडला, गोरखच्या गालाच्या हाडावर. धम्मदीप म्हणाला, "पिनबी नवा टाक. छप्पन्न नको. वस्तीतल्या कुणाला सांगू नको, मलाबी न्हाई." रेणुका रडवेली हसली. हिरा तोवर दाराबाहेर पडली होती.

कस्तुराबाई ओट्यावर सुपात घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. धुक्यातून कोण येतंय ते त्यांना आधी कळेना. हिरा अगदी समोर आली तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रडतीस व्हय गं?"

"व्हय."

"मंग बस की. उभ्यानं कशापायी रडतीस?"

त्यांनी सूप सरकवून जागा केली. हिरा बसली. चष्मा मांडीवर पडला तो तिने उचलला नाही. दोन्ही हातांनी तिने आपलं तोंड गच्च धरलं होतं, कपाळ, भुवया, हनुवटी, सगळं, कुणी ते ओढून नेईल अशा भीतीने. बोटांच्या फटींतून पाणी ओघळत राहिलं. कस्तुराबाई तिच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा शेंगा मोडायला लागल्या.